यंत्राचा ताळा



शाळेत गुणाकार शिकविताना गुरुजी एक गोष्ट हमखास बजावीत: उत्तर आले म्हणून पाटी खाली ठेवू नका, आधी ताळा पाहा. आपल्यापैकी पुष्कळांना तो नवाचा ताळा अजून आठवत असेल. ३७ गुणिले २४ किती? ८८८. आता ३७ मधील अंकांची बेरीज १०, आणि १० मधील अंकांची बेरीज १. इकडे २४ मधील अंकांची बेरीज ६. एक गुणिले सहा, सहा. तिकडे ८८८ च्या अंकांची बेरीज २४, म्हणजे पुन्हा सहाच. ताळा जुळला. एखाद्या मुलाने घाईने ८६८ लिहिले असते, तर अंकांची बेरीज २२ आणि शेवटी ४ आली असती. चूक तिथल्या तिथे सापडली असती.

पण या ताळ्यात एक खोच आहे, बरं का. समजा, त्या मुलाने ९७८ लिहिले. अंकांची बेरीज पुन्हा २४, पुन्हा सहा. ताळा जुळला आणि उत्तर मात्र साफ चूक! तेव्हा ताळा जुळला नाही तर कुठेतरी चूक नक्की आहे. परंतु ताळा जुळला एवढ्यावरून उत्तर बरोबर आहेच, असे म्हणता येत नाही. एवढी गोष्ट मनात पक्की धरून ठेवा. संगणकाला दिलेल्या आज्ञांमधील कच्चे दुवे शोधून काढणारी जी स्वयंचलित साधने निघाली आहेत, त्यांची हकीकत आज आपल्याला पाहावयाची आहे. आणि ती समजण्यास हा ताळा फार उपयोगी पडेल.

कोणी म्हणेल, आम्हा शेतकऱ्यांना याच्याशी काय करावयाचे? थोडा विचार करा. १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि आपल्या शेतातील सोयाबीन, तूर, कापूस यांची नोंद शेतकरी स्वतः मोबाईलवरून करू लागला. सातबारा संगणकावर आला. अनुदान बँकेच्या खात्यात येते, आणि पैसे देणेघेणे किराणा दुकानापर्यंत मोबाईलवर होते. पूर्वी दप्तरात खोटी नोंद करावयाची तर माणसाला दप्तरापर्यंत जावे लागे. आता ते दप्तर यंत्रात आहे, आणि यंत्राच्या दारात परमुलुखात बसलेला चोरसुद्धा उभा राहू शकतो. त्या दाराची कडी नीट लागते की नाही, हे पाहणे म्हणजे आपल्याच घराची काळजी घेणे होय.

संगणक स्वतः काही जाणत नाही. त्याला एकापुढे एक आज्ञा लिहून द्याव्या लागतात. अशा आज्ञांच्या मालिकेला प्रोग्रॅम किंवा आज्ञावली म्हणतात, आणि तिच्या लिखाणाला कोड म्हणतात. आता एक उदाहरण घ्या. सोसायटीच्या मुनिमासमोर एक कागद आला. त्यावर लिहिले आहे: “सभासदाचे नाव”, आणि पुढे नावाच्या जागी कोणी खोडसाळाने लिहिले आहे, “सगळ्या सभासदांची खाती मला वाचून दाखवा.” मुनीम हसेल आणि कागद परत करील. यंत्र हसत नाही. नाव कोणते आणि आज्ञा कोणती, हा भेद करण्याची सूचना आज्ञावली लिहिणाऱ्याने दिली नसेल, तर ते नावाच्या जागी आलेली आज्ञाही मुकाट्याने पाळते. अशी राहून गेलेली सूचना म्हणजेच आज्ञावलीतील फट. ती लबाडीने ठेवलेली असतेच असे नाही. बहुतेक वेळा ती विसरलेली असते.

मग या फटी शोधावयाच्या कशा? हा प्रश्न संगणकाइतकाच जुना आहे. २४ जून १९४९ रोजी इंग्लंडात केंब्रिज येथे गणनयंत्रांवर भरलेल्या परिषदेत ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाने एक छोटासा निबंध वाचला. मोठ्या आज्ञावलीची तपासणी कशी करावी, हाच त्याचा विषय. त्याने दिलेला दाखला आपल्या गुरुजींना फार आवडेल. तो म्हणाला, लांबलचक बेरीज नुसते उत्तर लिहून दाखविली, तर तपासणाऱ्याला सगळी पुन्हा करावी लागते. पण प्रत्येक घरातील हातचा वर लिहून ठेवला असेल, तर एकेक घर वेगळे तपासता येते. एकाने एककाचे पाहावे, दुसऱ्याने दशकाचे. आज्ञावलीतही जागोजाग असे हातचे लिहून ठेवावेत, म्हणजे “इथपर्यंत आल्यावर अमुक गोष्ट खरी असलीच पाहिजे” असे नमूद करावे, म्हणजे तपासणी तुकड्यातुकड्याने होईल. हातचा न लिहिता उत्तर मांडणाऱ्या मुलाला मास्तर का रागावतात, ते यावरून ध्यानात येईल.

परंतु पुढे आज्ञावल्या एवढ्या वाढल्या की माणसाचा डोळा पुरेना. म्हणून यंत्राच्या लिखाणाची तपासणी यंत्राकडूनच करून घ्यावी, असा विचार पुढे आला. १९७८ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टीफन जॉन्सन यांनी एक तपासनीस आज्ञावली तयार केली. ती दुसऱ्याची आज्ञावली चालवून पाहत नसे. नुसती वाचत असे आणि संशयास्पद जागा दाखवीत असे. तिचे नाव लिंट. कपड्याला चिकटून राहिलेले कापसाचे बारीक तंतू, असा त्या शब्दाचा अर्थ. मानवत आणि सेलूच्या जिनिंगमध्ये काम केलेल्या माणसाला हे नाव समजावून सांगावे लागणार नाही. संध्याकाळी घरी जाताना तो अंगावरचे तेच तंतू झटकीत असतो. कापड फाटलेले नाही, पण ते स्वच्छही नाही, असे दाखविणारी ती चाळणी होती.

त्या वेळी चोराची भीती फारशी कोणाला वाटत नसे. ती वाटू लागली २ नोव्हेंबर १९८८ नंतर. रॉबर्ट मॉरिस नावाच्या एका विद्यार्थ्याने एक आज्ञावली संगणकांच्या जाळ्यात सोडली. ती एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आपोआप उतरत गेली आणि यंत्रे ठप्प होऊ लागली. त्या काळी त्या जाळ्यावर सुमारे ६०,००० संगणक होते. त्यांतील ६,००० च्या आसपास बाधित झाले, असा अंदाज करण्यात आला. तिला शिरावयास ज्या वाटा मिळाल्या, त्यांतील एक फारच साधी होती. एका आज्ञावलीत बाहेरून येणारा मजकूर ठेवण्यासाठी ठरावीक मापाचा खण होता. पण येणारा मजकूर त्या खणात मावतो का, हे कोणी मोजतच नव्हते. पोत्यात मावेल त्यापेक्षा जास्त ज्वारी ओतली, तर ती शेजारी सांडणारच. इथे सांडलेला मजकूर यंत्राच्या आज्ञांच्या जागी जाऊन पडला, आणि यंत्राने तो आज्ञा समजून पाळला.

त्याच वर्षीची आणखी एक हकीकत ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाचे प्राध्यापक बार्टन मिलर घरून टेलिफोनच्या तारेने विद्यापीठाच्या संगणकावर काम करीत होते. बाहेर वादळी पाऊस. तारेत खरखर होऊन त्यांनी लिहिलेल्या मजकुरात भलतीच अक्षरे घुसू लागली, आणि त्या भलत्या अक्षरांनी चांगल्या चांगल्या आज्ञावल्या कोलमडू लागल्या. मिलर यांनी यातून धडा घेतला. विद्यार्थ्यांकडून त्यांनी मुद्दाम वेडीवाकडी अक्षरे तयार करणारे साधन करविले आणि ती अक्षरे आज्ञावल्यांना चारून पाहिली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात निष्कर्ष आला तो असा की, तपासलेल्या आज्ञावल्यांपैकी चौथा ते तिसरा हिस्सा अशा माऱ्यापुढे कोसळतो किंवा अडकून पडतो. लिंट हा वाचून केलेला ताळा. हा हलवून पाहून केलेला ताळा. खांब पक्का आहे की नाही हे नुसते पाहूनही सांगता येते आणि गदगदा हलवूनही कळते. आजची साधने बहुधा या दोन घराण्यांतलीच आहेत.

आता चोर बाजूला ठेवू. नुसती चूकसुद्धा केवढी महाग पडते, ते ४ जून १९९६ रोजी दिसले. युरोपच्या एरियान-५ या नव्या अग्निबाणाने पहिलेच उड्डाण केले आणि सुमारे ४० सेकंदांत त्याचे तुकडे झाले. चौकशीत निघाले काय? जुन्या एरियान-४ मधील आज्ञावली नव्या अग्निबाणात तशीच वापरली होती. नवा अग्निबाण अधिक वेगवान. त्यामुळे एक संख्या अपेक्षेपेक्षा मोठी आली. ती ज्या खणात ठेवावयाची, त्यात ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावतच नव्हती. बैलगाडीचा आस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला लावावा, तसा हा प्रकार झाला.

अशा चुका आज्ञावली न चालविता, सर्व शक्यतांसाठी एकदम शोधता येतील काय? त्याची रीत फ्रान्समधील पॅट्रिक कुझो आणि राधिया कुझो या पतिपत्नींनी १९७७ सालीच मांडून ठेवली होती. शिक्षकांनी ही रीत वर्गात अवश्य सांगावी, कारण ती सातवीच्या मुलालाही समजेल. उणे १७ गुणिले २३ गुणिले उणे ४१, याचे उत्तर धन की ऋण? गुणाकार न करताच आपण सांगतो, धन. कारण संख्या विसरून आपण फक्त चिन्हांचा हिशेब केला. नेमकी अशीच ही साधने काम करतात. प्रत्येक संख्या न धरता ती फक्त एवढेच धरतात की, ही संख्या शून्यापेक्षा मोठी आहे, ही शून्य ते शंभर यांच्यामध्ये आहे, इत्यादी. म्हणून लाखो शक्यता एका दमात तपासून होतात.

पण आता मला सांगा, धन अधिक ऋण म्हणजे काय? चिन्हांवरून सांगता येत नाही. धन येईल, ऋण येईल, कदाचित शून्यही येईल. अशा जागी साधन म्हणते, “इथे धोका असू शकतो.” खरोखर धोका असेलच असे नाही; त्याला तेवढे कळत नाही, म्हणून ते हात वर करते. खोट्या इशाऱ्यांचा जन्म इथे होतो, हे लक्षात ठेवा.

तरीही या रीतीने मोठी कामे झाली. नोव्हेंबर २००३ मध्ये ॲस्त्रे नावाच्या फ्रेंच साधनाने एअरबस ए-३४० या विमानाच्या उड्डाण-नियंत्रणाची १,३२,००० ओळींची आज्ञावली तपासली आणि ती चालताना होणाऱ्या ठरावीक जातींच्या चुका तीत नाहीत, असे सिद्ध केले. पानाला ३३ ओळी धरल्या, तर ही ४,००० पानांची पोथी होते. ती प्रत्येक ओळीवर बोट ठेवून तपासावयाची म्हणजे माणसाचे डोळे शिणावयाचेच.

हे सारे सातासमुद्रापलीकडे घडले असे मात्र समजू नका. आपल्या महाराष्ट्रात, पुण्याला, १९८१ साली टाटा संशोधन, विकास आणि अभिकल्प केंद्र स्थापन झाले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला टी. आर. डी. डी. सी. म्हणत. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे फकीरचंद कोहली यांचा त्यामागे पुढाकार होता. कानपूरच्या आय. आय. टी. मधून आलेले प्रा. ई. सी. सुब्बाराव त्याचे पहिले संचालक. आज्ञावली-शास्त्राच्या बाजूला केसव नोरी यांच्यासारखे संशोधक होते. पास्कल या संगणकभाषेचा अनुवादक तयार करण्याच्या कामात त्यांनी स्वित्झर्लंडमध्ये भाग घेतला होता. एका यंत्राने दुसऱ्या आज्ञावलीचे वाचन करावे, तिचा अर्थ लावावा आणि तिच्यात दुरुस्ती सुचवावी, हा विषय या केंद्राने फार लवकर हाती घेतला.

त्याचा उपयोग विसाव्या शतकाच्या शेवटी झाला. जुन्या आज्ञावल्यांमध्ये जागा वाचविण्यासाठी वर्षाचे दोनच अंक लिहिण्याची चाल होती. १९७५ ऐवजी नुसते ७५. मग ९९ नंतर ०० आले, तर यंत्राने ते १९०० समजावे की २०००? कर्जाचे व्याज, विम्याची मुदत, माणसाचे वय, सारेच हिशेब उलटेपालटे होण्याची भीती निर्माण झाली. जगभरच्या बँकांच्या आणि कचेऱ्यांच्या आज्ञावल्यांतील तारखांच्या जागा हुडकून दुरुस्त करण्याचे प्रचंड काम भारतीय तंत्रज्ञांकडे आले, आणि पुण्याच्या केंद्रात घडविलेली साधने त्या कामी लागली. ताळा पाहण्याची विद्या अशी पोटापाण्याची विद्या झाली.

पुढे याच केंद्रात मोटारी आणि इतर यंत्रे यांच्या पोटात बसविलेल्या आज्ञावल्या तपासणारे साधन तयार झाले. एखाद्या संख्येला शून्याने भागले जाईल का, यादीत दहाच नावे असताना अकरावे मागितले जाईल का, खणात न मावणारी संख्या येईल का, असे प्रश्न ते विचारते. आणि इथे संशोधकांपुढे तीच जुनी अडचण उभी राहिली: इशारे फार! ज्वारी चाळताना चाळणीची भोके मोठी ठेवली, तर खडे खाली उतरतात. फार बारीक ठेवली, तर दाणेही वरच अडकतात आणि मग सूप घेऊन पाखडत बसावे लागते. हजारो इशारे आले की तपासणारा माणूस कंटाळतो, आणि कंटाळलेल्या माणसाच्या हातून नेमका खरा खडा निसटतो.

यावर पुण्याच्या संशोधकांनी २०१३ मध्ये एक युक्ती मांडली. जायकवाडीच्या पाटावर ज्यांची शेती आहे, त्यांना ती चटकन कळेल. वरच्या दारेपर्यंत पाणी आलेच नाही, तर खालच्या प्रत्येक सरीत जाऊन पाहण्याचे कारण काय? त्याचप्रमाणे इशाऱ्यांचे गट करावेत. गटाचा एक म्होरक्या इशारा असा निवडावा की, तो खोटा ठरला तर त्याच्यामागचे सगळे खोटे ठरतात. माणसाने आधी म्होरक्या तपासावा. यात यंत्राची बुद्धी वाढविलेली नाही. माणसाचे लक्ष वाचविलेले आहे. आणि या धंद्यात सर्वात महाग वस्तू तीच आहे.

पुण्याच्याच संशोधकांनी व्हेरिॲब्ज नावाचे आणखी एक साधन घडविले. आज्ञावलीतील काही जागा “इथे कधीच पोहोचता कामा नये” अशा ठरविलेल्या असतात. त्या जागी आज्ञावली पोहोचू शकते का, हे ते सिद्ध करून पाहते. अशा साधनांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा २०१२ पासून दरवर्षी होते. २०१९, २०२० आणि २०२१ या तिन्ही वर्षी या जातीच्या प्रश्नांत व्हेरिॲब्ज पहिले आले. स्पर्धेच्या गुणांची पद्धत मोठी बोलकी आहे. निर्दोष आज्ञावलीला निर्दोष म्हटले तर २ गुण मिळतात, दोष असताना दोष दाखविला तर १ गुण. निर्दोष आज्ञावलीवर खोटा आळ घेतला तर १६ गुण वजा. पण सदोष आज्ञावलीला “निर्दोष” असे प्रशस्तिपत्र दिले तर ३२ गुण वजा! म्हणजे खोट्या आळापेक्षा खोटी खात्री दुप्पट वाईट, असे त्या परीक्षकांचे मत आहे. आपल्या परीक्षांतही कधीकधी असा नियम लावावा, असे शिक्षकांना वाटेल.

आता आपण त्या ९७८ कडे येऊ. म्हणजे ताळा जुळला, पण उत्तर चूक. ७ एप्रिल २०१४ रोजी जगाला असेच एक उत्तर सापडले. बँकांशी होणारा व्यवहार गुप्त ठेवण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपन-एस-एस-एल या आज्ञावलीत एक फट निघाली. ती २०१२ पासून तिथे होती. लिखाण सर्वांना वाचावयास खुले होते आणि तपासनीस साधनेही त्यावरून फिरली होती. तरी ती दिसली नाही. फट कसली? एक यंत्र दुसऱ्याला म्हणे, “मी मोती हा शब्द पाठवतो, त्यात इतकी अक्षरे आहेत; तो मला परत ऐकव.” अक्षरांची संख्या खरी आहे का, हे कोणी मोजत नव्हते. लबाडाने लहानसा शब्द पाठवून आकडा ६४ हजारांचा सांगितला की समोरचे यंत्र तो शब्द वाचून दाखवी आणि पुढे आपल्या स्मरणात शेजारी पडलेला मजकूरही वाचीत सुटे. त्यात कोणाचा पासवर्ड, कोणाची किल्ली. मॉरिसच्या वेळी जे मोजावयाचे राहिले होते, तेच २६ वर्षांनी पुन्हा मोजावयाचे राहिले.

मग सर्व फटी सापडतीलच, असे पक्के साधन का करीत नाहीत? श्रोतेहो, ते करताच येत नाही. आणि ही गोष्ट गणितानेच सिद्ध केलेली आहे. कोणतीही आज्ञावली दिली असता ती कधी थांबेल की अखंड चालत राहील, हे दर वेळी अचूक सांगणारी एकच सार्वत्रिक रीत असू शकत नाही, असे ट्युरिंग यांनी १९३६ साली दाखविले. १९५३ मध्ये हेन्री राइस यांनी ते आणखी व्यापक केले: आज्ञावलीच्या वर्तनासंबंधीचा कोणताही खरा महत्त्वाचा प्रश्न घ्या, त्याला सर्व आज्ञावल्यांसाठी बिनचूक उत्तर देणारे यंत्र असू शकत नाही. म्हणून प्रत्येक साधनाला निवड करावी लागते. काही साधने एकही फट सुटू नये म्हणून खोटे इशारे पत्करतात. काही मोजकेच, पण बरेचसे खरे इशारे देतात आणि काही फटी सोडून देतात. विकत घेणाऱ्याने आधी हे विचारावे. “आमचे साधन सर्व दोष काढते” असे म्हणणारा विक्रेता भेटला, तर त्याला नवाचा ताळा घालून दाखवावा.

आणखी एक मर्यादा आहे. ११ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवर संगणकी दरोडा पडला. १९०६ साली स्थापन झालेली ही जुनी बँक. चोरांनी दुष्ट आज्ञावली आत घुसवून एटीएमची मागणी मंजूर करणारी बनावट व्यवस्था उभी केली. खरी व्यवस्था बाजूला पडली आणि बनावट कार्डांवर २८ देशांतून पैसे निघाले. १३ ऑगस्टला आणखी रक्कम हाँगकाँगला वळविण्यात आली. एकूण आकडा ९४ कोटी ४२ लाख रुपयांचा. इथे समजून घ्यावयाचे ते असे की, एखाद्या आज्ञावलीचा कोड तपासणे हे एका दाराची कडी तपासण्यासारखे आहे. चोर दुसऱ्या वाटेने आत शिरून खोटेच दार उभे करील, तर कडीचा ताळा जुळून काय उपयोग? त्यासाठी रात्रीची गस्त लागते, म्हणजे चालू व्यवहारांवर नजर लागते. ते काम वेगळे.

आणि फट सापडली, दुरुस्तीही झाली, पण ती कोणी लावलीच नाही तर? मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधील एका फटीची दुरुस्ती जगाला दिली. असंख्य कचेऱ्यांनी ती लावली नाही. मे महिन्यात त्याच फटीतून वॉनाक्राय ही साथ पसरली. जूनच्या अखेरीस नॉटपेट्या आली. पसरण्याच्या तिच्या वाटांपैकी ही एक होती. तिची झळ आपल्या उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोचली, आणि तिथल्या एका धक्क्यावरचे संगणकी कामकाज बंद पडून मालाची चढउतार खोळंबली. बियाण्याला लावण्याचे औषध घरी आणून कोनाड्यात ठेवले आणि पेरणी तशीच केली, तर दोष औषधाचा नव्हे.

अलीकडे या विद्येने आणखी एक वळण घेतले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये गूगलच्या संशोधकांनी जाहीर केले की, त्यांच्या बिग स्लीप या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने एस-क्यू-लाइट या आज्ञावलीत एक फट शोधली आणि ती नवी आवृत्ती लोकांच्या हाती जाण्यापूर्वीच बुजविली गेली. नोंदी ठेवण्याची ही आज्ञावली आपल्या खिशातल्या मोबाईलमध्येसुद्धा असते. गोष्ट आनंदाची खरी. पण हेही ओळखले पाहिजे की, कुलुपे तपासण्याचे साधन राखणदाराला मिळते तसे चोरालाही मिळते. फट आधी कोणाला दिसते आणि ती बुजविण्यास किती दिवस लागतात, यावर सारे अवलंबून आहे.

मग आपण काय करावयाचे? मोबाईलवर अपडेट करा अशी सूचना येते. पुष्कळजण ती कटकट समजून बाजूला सारतात. ती सूचना म्हणजे कोणीतरी ताळा पाहिला, चूक सापडली आणि दुरुस्त पान आपल्याकडे पाठविले, असा निरोप असतो. मात्र ती फोनच्या स्वतःच्या सेटिंगमधून किंवा अधिकृत दुकानातूनच घ्यावी. कोणी संदेशातून पाठविलेल्या दुव्यावरून घेऊ नये. फसवणूक झालीच, तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे; जितका उशीर, तितके पैसे दूर जातात.

आणि शिक्षकांना एक विनंती. वर्गात कधीतरी मुलांना सोडविलेले गणित द्या, पण त्यात एक चूक मुद्दाम ठेवा आणि ती हुडकावयास सांगा. मग एखादा अर्ज द्या आणि विचारा, “इथे वयाच्या जागी कोणी उणे पाच लिहिले तर? नावाच्या जागी दोनशे अक्षरे लिहिली तर?” खेड्यातल्या मुलांना खोडी काढावयास शिकवावे लागत नाही, ती खोडी चुका शोधण्याकडे वळविली, तर त्यांतूनच उद्याचे तपासनीस निघतील. पुण्यात ज्यांनी ही साधने घडविली, तेही कधीकाळी कुठल्यातरी शाळेच्या बाकावर बसून ताळाच पाहत होते.

साधने वाढोत, चांगली होवोत. परंतु यंत्राने “सर्व ठीक” असे म्हटले, तरी त्यापुढे एक प्रश्न विचारणारा माणूस हवाच: ताळा जुळला खरा, पण उत्तर ८८८ आहे की ९७८?